काटेमास्तरांनी गाडी उचलली

काटेमास्तरांना माणसांची वजनं सांगायची खोड होती. माणूस समोर येऊन बसला रे बसला की यांच्या तोंडून आकडा गेलाच. धंदाच तो. दुकानांतले तराजू, गोदामांतले मोठाले वजनकाटे दुरुस्त करायचे, थकलेल्या स्प्रिंगा बदलायच्या, रिकामा काटा शून्यावर आणून द्यायचा, यातच सगळी हयात गेलेली. खुर्ची किती करकरली, गादी किती दबली, एवढ्यावरून ते माणूस तोलायचे. नुसतं तोलून गप्प बसले असते तर कौतुकच झालं असतं हो! पण लग्नानंतर पहिल्यांदा बायकोला स्कूटरवर मागे बसवलं आणि हा गृहस्थ मान वळवून काय म्हणाला? "एकसष्ट." ती तिथल्या तिथे उतरून चालत घरी गेली.

शेवटी त्यांच्या आईने घरात कायदाच केला. बाहेर काय तोलायचं ते तोल, घरातल्या बायकांच्या वजनाबद्दल एक अक्षर काढायचं नाही. कायदा करण्यामागे तिचा स्वतःचा हेतूही होताच. आई अंगाने भरभक्कम, आणि तिचं वजन हे घरातलं सर्वात मोठं गुपित. डॉक्टरांकडे काट्यावर उभी राहायची ती तबकडीवर पिशवी धरून. "तुम्ही औषध द्या, आकडे मोजू नका," असं डॉक्टरांना ऐकवायची आणि डॉक्टरही बिचारे अंदाजाने औषध लिहायचे.

या आईची एक धाकटी बहीण होती, म्हणजे मास्तरांची मावशी. टेकडीच्या माथ्यावर एकटीच राहायची. पूर्वी मास्तर काट्यांची ने-आण करायच्या आपल्या जुन्या पिकअपमधून आईला दर आठवड्याला वर पोचवायचे, आणि दोघी बहिणी दिवसभर गप्पांचा फड जमवायच्या. पुढे काय झालं, तर वरचा रस्ता पावसाने धुऊन नेला आणि बरोबर मधोमध एक खडक उघडा पडला. पाठ फुगवून बसलेला. घरात सगळे त्याला कासव म्हणत. हे कासव पिकअपच्या पोटाला लागायचं. टॅक्सीवाले तर नावही काढू देत नसत. मावशीच्या गुडघ्यांना खाली उतरणं जमेना, आईच्या गुडघ्यांना वर चढणं जमेना.

तरी एकदा मास्तरांनी हिय्या करून गाडी घातलीच. आणि काय, बसली कासवावर! चाकं हवेत फिरतायत, गाडी आहे तिथेच. वर फाटकात मावशी उभी, हात हलवतेय. आई गाडीत बसून हात हलवतेय. दोघींच्या मध्ये जेमतेम एका हाकेचं अंतर, पण हाकही वाऱ्याने नीट पोचेना. दोर बांधून लोकांनी गाडी मागे ओढली आणि सगळे परत फिरले. आई वाटभर खिडकीबाहेर बघत होती. ती रडत होती हे मास्तरांना कळलं. आपल्या आईला आपण तिच्या बहिणीपर्यंत नेऊ शकलो नाही, याची लाज वाटली त्यांना.

त्यातून एक दिवस फोनवर दोघींचं वाजलं. मावशी म्हणाली, "रस्त्याचं निमित्त आहे गं ताई. तुला यायचंच नाहीये मुळी." आणि आई उत्तर द्यायला तोंड उघडते न उघडते तोच फोन कटला. टेकडीवर फोनला रेंज नावालाच. आईने परत लावला, लागेना. मग तिनेही लावायचं सोडलं.

"आता जे बोलायचं ते तोंडावर बोलेन," आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघरात उत्तराची तालीम सुरू झाली. भांडी घासताना पुटपुटतेय, कांदा चिरताना सुरीने हवेत मुद्दे मांडतेय. जेवणात मीठ कधी दोनदा, कधी नाहीच.

असं किती दिवस चालणार? मास्तरांनी मेहुण्याला बोलावलं. हा मेहुणा म्हणजे बायकोचा भाऊ. अंगाने दांडगा, हातात कायम मोबाइल, आणि मोबाइलवर कायम डोंगर चढणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ. स्वतः सायकलसुद्धा ढकलत न्यायचा, पण ज्ञान अगाध!

"दाजी, गाडी उचला," मेहुणा म्हणाला.

"कुठून उचलू? कुणाची?"

"तुमचीच हो! सस्पेन्शन बदलायचं. पुढे उंच स्प्रिंगा, मागे पाट्यांखाली ठोकळे, मोठे टायर. गाडी वर, कासव खाली. विषय संपला."

"गॅरेजवाल्याला विचारूया की," बायको म्हणाली.

झालं! मास्तरांच्या अभिमानाला ठेच लागली. "गॅरेजवाला कशाला? जन्मभर स्प्रिंगाच बदलतोय मी. काट्याची काय आणि गाडीची काय, स्प्रिंग ती स्प्रिंग."

घराला लागूनच त्यांची काटे दुरुस्तीची शेड होती. समोर शटर, एका भिंतीला लागून शटरपर्यंत गेलेला, जड काटे ठेवायचा कमरेएवढा सिमेंटचा ओटा, आणि शेजारी गाडीपुरती जागा. पिकअप आत घेतली, जॅक लावला, चारी बाजूंना लोखंडी घोड्या ठेवल्या आणि मास्तर गाडीखाली शिरले. मेहुणा स्टुलावर बसून व्हिडिओ बघत सूचना देऊ लागला.

काट्याच्या आणि गाडीच्या स्प्रिंगेत काय फरक असतो, तो पहिल्याच दिवशी कळला. काट्याची सुटली तर फार तर चष्म्याला लागते. गाडीची सुटली ती मेहुण्याच्या कानाशेजारून सूं करत गेली, शटरमधून बाहेर पडली आणि दोरीवर वाळत घातलेली चादर घेऊन कुंपणापलीकडे पोचली. मेहुणा पांढराफटक पडला. बायको दारात येऊन म्हणाली, "माझा भाऊ एकुलता एक आहे." त्यानंतर स्प्रिंग दाबून धरायचं यंत्र आणलं गेलं आणि मेहुण्याने स्टूल भिंतीच्या कोपऱ्यात नेलं.

बाकी काम मात्र मास्तरांनी मन लावून केलं, ते मान्य करायला हवं. मागचे जुने पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दमून सपाट झाले होते, ते काढले. नवे जाड पाटे बसवले, त्यांच्याखाली ठोकळे घातले, नव्या यू-बोल्टांनी आवळले. लांब शॉकअप लावले. पोटाखाली संरक्षक पत्रा हवा होता, तर गोदामातल्या एका मोडक्या काट्याचा जाड पत्रा कापून ठोकला. मेहुण्याच्या हट्टापायी टपावर दिव्यांची रांगही चढली. आणि दर थोड्या वेळाने मास्तर पट्टी घेऊन उताणे पडायचे आणि जमीन ते पोट किती अंतर झालं ते मोजायचे. कासवाची उंची त्यांच्या डोक्यात पक्की होती. तिच्यावर चार बोटं जास्त मिळाली तेव्हा त्यांनी गाडीखालूनच आरोळी ठोकली.

शेवटी पाणसळ आणून गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यावर येईपर्यंत पुन्हा खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. रिकामा काटा शून्यावर आणल्याशिवाय मास्तर कधी हात धूत नसत, मग गाडी कशी सोडतील? बुडबुडा थांबला. मास्तर हात पुसत उभे राहिले. डोळे भरून आले हो त्यांचे!

"आई! चल, मावशीकडे!"

आई तयारच होती. ठेवणीतली चप्पल, हातात पिशवी, ओठांवर तालमीतलं पहिलं वाक्य. ती शेडमध्ये आली, गाडीचं दार उघडलं आणि नुसती बघत राहिली. आतली सीट तिच्या छातीला लागत होती.

"अरे, मी बाई आहे की माकड?"

"स्टूल देतो ना आई."

स्टूल दिलं. आई स्टुलावर चढली, एक पाय उचलला, तो गुडघ्यातून निम्मा वर आला आणि कुरकुरून थांबला. मागून मेहुणा आधार द्यायला सरसावला, तशी आईने त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा कोपऱ्यात गेला. आई खाली उतरली. पिशवी छातीशी धरून उभी राहिली, आणि मास्तरांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"करू काहीतरी," ते घाईघाईने म्हणाले. "पायरी लावतो खालची. आधी गाडी तर बाहेर काढू."

बायको मघापासून वर बघत होती. ती हळूच म्हणाली, "अहो, ती बाहेर येणार कशी?"

सगळ्यांनी वर बघितलं. शटरची लोखंडी तुळई खाली होती आणि गाडीचं टप वर. चांगलं वीतभर वर. मास्तरांनी जमिनीपासून पोटापर्यंत शंभरदा मोजलं होतं. पोटाच्या वर टप असतं आणि टपाच्या वर दार असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"व्हिडिओत हे दाखवत नाहीत," मेहुणा म्हणाला. "ते लोक अंगणातच काम करतात."

"हे आत्ता सांगतोस होय रे?" मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

मग धावपळ. दिवे उतरवले. टायरांतली हवा सोडली. तरी टप दोन बोटं वरच. बायको म्हणाली, सगळं खोला आणि बाहेर नेऊन पुन्हा जोडा. मास्तर म्हणाले, एकदा आवळलेले यू-बोल्ट पुन्हा वापरत नाहीत, नवे येईपर्यंत आई काय तालीमच करत बसणार का? आणि मग एकदम ते थांबले. त्यांचं लक्ष ओट्याखाली गेलं होतं. काटे तपासायला लागणारी बिडाची वजनं तिथे ओळीने ठेवलेली होती, प्रत्येकी वीस किलोची, कड्या असलेली.

"अरे, काटाच आहे हा!" मास्तर ओरडले. "ठेवा वजनं, बसेल खाली!"

वजनं हौद्यात चढली, सगळी पुढे, केबिनला टेकून. गाडी थोडी दबली, पण नाक वरच. नाकावर काय ठेवायचं? मास्तरांची नजर फिरत फिरत मेहुण्यावर आली.

"नाही हां दाजी."

"एकशे सात," मास्तर प्रेमाने म्हणाले. "बस बॉनेटवर."

मेहुणा बॉनेटवर मांडी घालून बसला. गाडी अशी काही खाली आली की मास्तरांना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. टप आणि तुळईमध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट झाली. मास्तर स्टिअरिंगवर बसले. समोर मेहुण्याची पाठ, बाकी काही दिसेना. बायको बाहेरून "या, या, या" म्हणत होती. गाडी सरकली. बॉनेट उजेडात आलं. टप तुळईखाली शिरलं.

आणि या महाभागाला उजेड दिसला! मोहीम फत्ते समजून तो बॉनेटवरून टुणकन उतरला आणि हात वर करून नाचायला लागला.

गाडीने नाक उचललं. कर्र्र झालं, धाड झालं, आणि टप तुळईत असं घट्ट बसलं की पुढे नाही, मागे नाही. शटर थरथरलं. भिंतीवरचे सगळे काटे एकदम डोलायला लागले.

"चढ परत!" मास्तर खिडकीतून किंचाळले.

मेहुणा परत चढला. पण आता टप तुळईत रुतलं होतं, नुसत्या त्याने ते सुटेना. बायको त्याच्या शेजारी बॉनेटवर बसली. हललं, पण सुटलं नाही. मास्तरांनी वजनांकडे बघितलं, ती संपली होती. त्यांनी हात टेकले. डोकं स्टिअरिंगवर ठेवलं, त्याने हॉर्न वाजला, तो तसाच वाजत राहिला.

"बंद कर ते," मागून आवाज आला.

आरशात आई दिसली. ती ओट्याशी उभी होती. तिने आधी स्टुलावर पाय ठेवला, मग ओट्यावर. ओट्यावर उभी राहिली तेव्हा गाडीचा हौदा बरोबर तिच्या पायांशी आला, जिन्याचं शेवटचं पाऊल टाकावं तसा. आईने ओट्यावर पडलेली प्लास्टिकची खुर्ची आधी आत टाकली. मग मास्तरांकडे आरशातून बोट रोखलं.

"एक अक्षर बोलायचं नाही."

"नाही आई."

आई आत पाऊल टाकून केबिनला पाठ लावून खुर्चीत बसली. गाडी खाली गेली. आणखी गेली. मास्तरांनी ओठ दाताखाली धरला. खट् करून टप सुटलं आणि गाडी सुळकन अंगणात आली. आकडा मास्तरांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभा होता. त्यांनी तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळला.

"आता स्टूल आणतो, खाली उतर."

"उतरतेय कशाला?" आई म्हणाली. "परत चढवायला ओटा आणणार आहेस का पाठीवर? चल वर."

टायरांत हवा भरली आणि वरात निघाली. हौद्यात खुर्चीवर आई, तिला धरून बायको, भोवती बिडाची वजनं, आणि मेहुणा पुढे, मास्तरांच्या शेजारी, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. गाडी रिकामी शून्यावर आणली होती, त्यामुळे एकटीच असती तर खड्ड्याखड्ड्यावर उड्या मारत गेली असती. एवढा भार होता म्हणून डुलत डुलत, शहाण्यासारखी चढली. कासव आलं. मास्तरांनी श्वास धरला. पुढची चाकं पार झाली. पोटाखाली घंटेसारखं टण्ण वाजलं, पत्रा खडकावरून घासत गेला, मागची चाकं वर आली, उतरली. आणि गाडी पलीकडे!

"गेलो रे गेलो!" आई हौद्यातून ओरडली. तिच्याएवढं मोठ्यांदा कुणीच ओरडलं नाही.

मावशीच्या घराचं जोतं उंच. मास्तरांनी गाडी मागे घेत घेत ओसरीला भिडवली तर हौदा आणि ओसरी सारख्याला सारखी. आईने नुसतं उठून पलीकडे जायचं होतं. पण तेवढा धीर मावशीला कुठला? आवाज ऐकून ती आतून आली, बहिणीला बघितलं आणि तीच पाऊल टाकून हौद्यात शिरली.

मास्तर स्टिअरिंगवरच होते. सवयीने ते गाडी दबायची वाट बघत राहिले. गाडी दबली की नाही ते त्यांना कळलंच नाही. मावशी खरंच चढली का, म्हणून त्यांनी आरशात बघितलं. चढली होती. आईसमोर उभी होती. ढगळ स्वेटर, त्याच्या बाह्या हाताच्या पंजावर आलेल्या.

मास्तर खाली उतरून हौद्यापाशी आले.

"आलीस?" मावशी म्हणत होती. "मला वाटलं, यायचंच नाही तुला."

आईने तोंड उघडलं. एवढी तालीम, आता सुरू होणार म्हणून बायको दोन पावलं मागे सरली. पण आई बहिणीचं मनगट धरून बघत बसली.

"काय गं, फोनवर म्हणायचीस ना, मी मस्त जेवते, नुसती फुगलेय?"

"फुगलेयच मी."

आईने मान वळवली. "काय रे, किती?"

ज्याने उभ्या आयुष्यात न विचारता सांगितलं, त्याला आज खुद्द आई विचारत होती. आणि मास्तरांच्या तोंडून शब्द फुटेना.

"जाऊ दे ना आई."

"किती ते सांग."

"तुझ्या निम्मी," मास्तर खाली बघत म्हणाले. "बरोबर निम्मी."

मावशीने बाही सावरली. मग म्हणाली, "एकटीसाठी काय रांधायचं गं रोज? कंटाळा येतो." आणि लगेच तिचे डोळे चमकले. "पण थांब हं ताई. मी बेचाळीस. मागेच दवाखान्यात सांगितलं मला. म्हणजे तू..."

"ते तुला काय करायचंय!" आई कडाडली. "खुर्चीत बस!"

"कशाला?"

"खाली यायचंय. आमच्याकडे. सूनबाई, आत जा, हिची औषधं घे, चष्मा घे, कपडे घे आणि घराला कुलूप लाव."

"अगं पण तू तर भांडायला आली होतीस ना?"

"भांडणारच आहे," आई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "घरी नेऊन भांडणार. रोज. दोन्ही वेळा जेवायला बसवून भांडणार!"

मावशी खुर्चीत बसली, बहिणीच्या कुशीत तोंड घातलं आणि दोघी रडत हसत एकमेकींना नावं ठेवत राहिल्या. मेहुणा व्हिडिओ काढत होता. मास्तरांनी त्याचा मोबाइल काढून खिशात टाकला.

गाडी काही पुन्हा शेडमध्ये गेली नाही. ती घराच्या ओसरीला मागून टेकवून उभी असते आणि दोन्ही बहिणी जेवण झालं की तिच्यात खुर्च्या टाकून उन्हाला बसतात. मास्तर खाली काहीतरी आवळत पडलेले असतात. घरातला कायदा अजून तोच आहे, फक्त मावशीपुरती सूट दिलीय. ती हौद्यात पाऊल टाकते, पाटे दबतात, आणि वरून आई विचारते, "काय रे, आज?"

"वाढली!" गाडीखालून उत्तर येतं.

परवा आईने पहिल्यांदाच पुढचं विचारलं. "आणि मी?"

रोज दोन्ही वेळा धाकटीला सोबत म्हणून तीही बसत होती, वाढून घेत होती, आणि पाटे बिचारे सगळं सांगत होते. काटेमास्तर गाडीखाली उताणे पडून ते पाटे बघत होते.

"तू?" ते म्हणाले. "तू आहेस तेवढीच आहेस."

एवढं चुकीचं माप त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला दिलं नव्हतं.